मटारच्या पिशवीखाली

नेव्हिल हारग्रीव्हजला एका रात्रीपुरता एक माणूस हवा होता. जेवण करून वाढणारा नको, पाय चेपणारा नको, नुसता घरात असणारा. तेवढं मागायची लाज वाटली म्हणून हा गृहस्थ मरायला निघाला होता. मी हे रागानंच सांगतेय, कारण रोज दुपारी तो माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून बियर पीत होता आणि मला एका अक्षरानं बोलला नाही.

मी नोरीन. आमच्या गावात पूर्वी घरात घालायच्या सपाता बनत. अर्ध्या लँकेशर परगण्याच्या पायांत आमच्या गावच्या सपाता असायच्या. कारखाना बंद पडला, कामगारांचा क्लब तेवढा राहिला, आणि त्या क्लबच्या बारमागे मी. नेव्ह कारखान्यात कातडं कापायला होता. त्याच्या एका बाजूला जेराल्ड पिकप, दुसऱ्या बाजूला अल्विन. तिघं एकाच बाकावर म्हातारे झाले. डॉमिनोच्या डावात त्यांना कुणी हरवलं नाही, आणि एकमेकांशी ते कधी सरळ शब्दात बोललेही नाहीत. लग्नात शिव्या, मयतीला शिव्या. आमच्याकडे माया अशीच करतात. कारखाना गेला तसा जेराल्ड बायको पॅमसह साउथपोर्टला समुद्राकाठी बंगली घेऊन राहिला आणि अल्विन मुलीजवळ स्किप्टनला गेला. नेव्ह राहिला इथंच, कारण त्याची बायको अ‍ॅव्हरिल इथल्या मातीत आहे. मुलगी जॅनीन ऑस्ट्रेलियात. ती दर रविवारी फोन करते आणि हा म्हणतो, "झकास चाललंय पोरी, तक्रार करायला जागा नाही."

जागा होती, तीही जांघेत. हर्निया झाला होता, आणि चांगला मुठीएवढा. पट्टा बांधून हिंडायचा. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की आतडं त्यात अडकून पिळलं गेलं तर इस्पितळात पोचेपर्यंत खेळ संपेल. शस्त्रक्रिया लहानशी, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. फक्त एक नियम. भूल दिलेल्या माणसाला एकट्याला सोडत नाहीत. न्यायला कुणीतरी यायचं आणि ती रात्र त्याच्या घरी काढायची. माणसाचं नाव सांगा, फोन नंबर द्या. नियम चांगलाच आहे, त्यात इस्पितळाचं काही चुकलं नाही. चुकलं ते असं, की नेव्हकडे सांगायला नाव नव्हतं.

पहिली तारीख आली तेव्हा त्यानं सर्दी झाल्याचं कळवलं. दुसऱ्या तारखेला त्यानं युक्ती केली. जेराल्डला आणि अल्विनला जेवायला बोलावलं. या, मटणावर बटाटे रचून हॉटपॉट भाजतो, डॉमिनो खेळू, रात्री राहा. शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. विचार असा की आले की आपोआप कळेल, मागावं लागणार नाही. जेराल्डचा गुडघा दुखायला लागला आणि अल्विनला नातवाचा वाढदिवस आठवला. नेव्हनं इस्पितळाला परत फोन केला, या वेळी म्हणे पोट बिघडलं. तिसऱ्यांदा असं झालं तर यादीतून नाव जाणार, पुन्हा पहिल्यापासून रांग. तोवर आतडं थांबेल याची खात्री डॉक्टरीणबाई देईनात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. हा तर भीक मागायचीही भीड बाळगणारा.

तिसरी तारीख गुरुवारची. या वेळी जेराल्ड हो म्हणाला होता. स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता की येतो, राहतो, सकाळी नाश्ता करून निघतो. अल्विनही बघतो म्हणाला. त्या आठवड्यात नेव्ह बारवर बसून शीळ घालायचा. मी विचारलं, "काय रे, लॉटरी लागली का?" तर म्हणाला, "पोरं येणारेत." पोरं म्हणजे सत्तरीला टेकलेली.

आणि सोमवारी टीव्हीवर तो भाग लागला.

दर आठवड्याला नवी गोष्ट दाखवणारी मालिका होती, अर्ध्या तासाची, हसता हसता अंगावर काटा आणणारी. त्या सोमवारची गोष्ट अशी. क्लाइव्ह नावाचा एकटा माणूस कॉलेजच्या जुन्या मित्रांना समुद्राकाठच्या कॅरॅव्हॅनमध्ये बोलावतो. नाताळ नसताना डोक्यावर कागदी मुकुट घालायला लावतो, जुनी गाणी लावतो. मित्रांना निघायचं असतं, तो निघू देत नाही. अजून एक कप चहा घ्या म्हणतो. शेवटी एक जण बर्फ काढायला फ्रीजर उघडतो, तर गोठवलेल्या मटारच्या पिशवीखाली, मागच्या वर्षी आलेला चौथा मित्र. कागदी मुकुटासकट.

मंगळवारी दुपारी क्लबात दुसरा विषय नव्हता. पॉलीन, जी आमच्याकडे बिंगोचे आकडे पुकारते, टॅब्लेटवर प्रेक्षकांची मतं मोठ्यानं वाचायला लागली. दर भागानंतरचा तिचा हा कार्यक्रम ठरलेला. आवाज आकडे पुकारायचा असल्यामुळे कुणाची सुटका नाही.

"एक बाई लिहितात, सासूच्या मयतीनंतर इतकी हसले नव्हते. दहापैकी नऊ."

"एक कुठं कापला?" कुणीतरी विचारलं.

"सासू परत आली नाही ना, त्यात खूष आहे ती. कापला का ते लिहिलं नाही. हे ऐका, लीड्सचे एक गृहस्थ. शेवट पहिल्या पाच मिनिटांत ओळखला, वेळ फुकट गेला."

"ओळखला तर पुढं बघत कशाला बसला मेला?"

"हे एक. मटार इतके दिवस फ्रीजरमध्ये टिकत नाहीत, लेखकांनी थोडी चौकशी करायला हवी होती."

सगळे खदाखदा हसले. मीही हसले. भाग होताच तसा. नेव्ह ग्लासच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"वाच ना पुढं," तो म्हणाला.

पॉलीननं वाचलं. "यातला मित्रांचा दोष काय ते मला कळलं नाही. असल्या माणसाला मित्र नसावेत यात नवल कसलं? बऱ्याच वर्षांनी कुणी उगाच जेवायला बोलावतं का? बोलावलं म्हणजे त्याला काहीतरी हवंच असणार. मी तर फोनच उचलला नसता. या मताला साडेचारशे लोकांनी पसंती दिलीय."

नेव्हचं बोट थांबलं. साडेचारशे माणसं. आमच्या कारखान्यात भरभराटीच्या दिवसांत एवढे कामगार होते. त्या सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं असणार, हे मला आज कळतं. तेव्हा दिसलं ते इतकंच की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"नेव्ह, तुझं काय मत?" पॉलीननं विचारलं.

"माणूस पटला मला," नेव्ह म्हणाला. "पण फ्रीजर जरा मोठा घ्यायला हवा होता."

परत हशा. आणि त्याच हशात बारवरचा फोन वाजला. साउथपोर्टहून जेराल्ड. हे लोक नेव्हला घरी फोन करत नाहीत, मोबाइल तो कपाटात ठेवतो. मी फोन त्याच्या हातात दिला. जेराल्डचा आवाज असा की पलीकडच्या टेबलाला ऐकू यावा.

"काय रे खुन्या! पॅम म्हणते, गुरुवारी गेलास तर मटारखाली झोपशील. आम्ही दोघं काल पोट धरधरून हसलो. म्हटलं, हा तर आपला नेव्ह!"

"तू मावायचा नाहीस," नेव्ह म्हणाला. "पोट बघ स्वतःचं."

"म्हणूनच म्हटलं, राहू दे. हो की नाही? खरं सांगायचं तर गुडघापण जरा... आणि पॅमची बहीण येतेय. उन्हाळ्यात बघू. तुला काही अडचण नाही ना?"

इथं आमच्या लोकांची रीत सांगायला हवी, नाहीतर नेव्ह मूर्ख वाटेल. थट्टेला थट्टेनंच उत्तर द्यायचं असतं. जो खरं उत्तर देतो तो हरला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानं समोरच्याला अवघड जागी आणलं. जेराल्डनं दार उघडं ठेवलं होतं, "अडचण नाही ना" म्हणून. पण थट्टेच्या शेपटाला बांधून ठेवलं होतं. त्यातून सरळ आत शिरणं आमच्या कुठल्याही पुरुषाला जमलं नसतं. नेव्हच्या ओठांवर शब्द आला होता, मी पाहिला. मोकळा हात खाली जांघेवर दाबून धरला होता.

"छे रे," तो म्हणाला. "फ्रीजर तसाही भरलाय."

येत नाही असं कळवणारं अल्विनचं कार्ड बुधवारी आलं. चित्रात मटार.

गुरुवारी सकाळी मी बियरच्या नळ्या धूत होते. फोन वाजला. इस्पितळाची नर्स, आवाज गोड, घाईतला.

"मिस्टर जेराल्ड पिकप आहेत का? मिस्टर हारग्रीव्हजनी हा नंबर दिलाय. हर्नियासाठी ही त्यांची तिसरी तारीख, आणि भूल दिलेल्या माणसाला आम्ही एकटं सोडत नाही. त्यांना आता आत न्यायचंय. संध्याकाळी ते घेऊन जाणार आणि रात्री थांबणार, एवढं मिस्टर पिकपकडून पक्कं करायचंय."

बादली माझ्या पायांवर कलंडली. हा माणूस एकटा बस बदलत बदलत तिथं गेला होता, न येणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं होतं, आणि आता त्या मागं उघड्या अंगरख्यात पलंगावर बसून वाट बघत होता की खोटं उघडं पडतंय की काय. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मला त्याचा इतका संताप आला की रडू फुटलं. मी नाही म्हणाले असते तर तिथूनच त्याला कपडे घालून परत पाठवणार होते.

"आहेत ना," मी म्हणाले. "तळघरात पिंप बदलतायत. जाड आहेत, वर यायला वेळ लागतो. येतील पाचला. मीही येते बरोबर. मी नोरीन, घ्या लिहून."

मग मी साउथपोर्टला फोन लावला.

"नोरीन!" जेराल्ड म्हणाला. "काय, सुरा घेऊन निघालाय का तो?"

"जेराल्ड, मी आता जे सांगणार त्यावर विनोद करायचा नाही. केलास तर मी तिथं येऊन तुझं थोबाड फोडेन."

सगळं सांगितलं. हर्निया, तारखा, नियम, तो एका रात्रीचा माणूस.

"मला बोलला नाही तो," जेराल्ड म्हणाला.

"तू ऐकलं असतंस?"

"फ्रीजर भरलाय म्हणाला." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी विचारलं होतं, नोरीन. अडचण नाही ना, असं विचारलं होतं मी."

"हसत विचारलं होतंस."

तो वेळेआधी इस्पितळाच्या दारात उभा होता. पायांत घरातल्या सपाता, आमच्याच कारखान्याच्या. बूट घालायचं सुचलं नव्हतं, आणि तसाच गाडी हाकत आला होता. वॉर्डात नेव्ह खुर्चीत बसला होता, चेहरा पिठासारखा. जेराल्डला पाहून त्याच्या हनुवटीचं काहीतरी व्हायला लागलं, ते त्यानं आवरलं.

"रस्त्यात गर्दी होती का?" त्यानं विचारलं.

"प्रेस्टनपाशी थोडी," जेराल्ड म्हणाला.

बस्स.

घरी आणून आम्ही त्याला सोफ्यावर आडवं केलं. सूज येऊ नये म्हणून गोठवलेल्या मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, असं नर्सनं सांगितलं होतं. नेव्ह एकदम उठायला लागला. "मी आणतो, तुम्ही बसा, मीच आणतो." जेराल्डनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं आणि आम्ही दोघं मागच्या छपरीत गेलो, जिथं त्याचा फ्रीजर आहे.

जेराल्डनं झाकण उघडलं. वरच मटारची पिशवी होती. ती उचलली. खाली चांदीच्या कागदाचे डबे, एकावर एक, पार तळापर्यंत. प्रत्येकावर पट्टी चिकटवलेली आणि नेव्हचं गिचमिड अक्षर. जेराल्ड, कांदा नाही. अल्विन, वरचे बटाटे जास्त करपवलेले. जेराल्ड, कांदा नाही. अल्विन. जेराल्ड. इतक्या वर्षांत त्यांनी नाही म्हटलेल्या प्रत्येक बोलावण्याचं जेवण तिथं होतं. बोलावण्याच्या आदल्या दिवशीच तो रांधून ठेवायचा, आणि कुणी आलं नाही की नाव घालून आत. टाकायला जीव झाला नाही, एकट्यानं खायलाही नाही. अगदी तळाशी बर्फाच्या थराखाली अ‍ॅव्हरिल गेली त्या वर्षीचा डबा होता. जेराल्डला कांदा सोसत नाही हे पॅमच्यासुद्धा लक्षात राहत नाही.

जेराल्ड हातात मटार घेऊन उभा राहिला. पाणी गळून त्याच्या सपाता भिजायला लागल्या. मी म्हणाले, "झाकण लाव," तर त्याला ऐकू गेलं नाही.

मग तो घरात आला, पिशवी नेव्हच्या मांडीवर नीट ठेवली, आणि दाराशी उभं राहून स्किप्टनला फोन लावला. अल्विनचा आवाज मलाही ऐकू येत होता. तो पहिल्यापासून हसतच होता.

"आहेस अजून जिवंत? मला वाटलं मटारखाली गेलास."

"मटारखालीच आहे," जेराल्ड म्हणाला. "माझ्या नावाची पट्टी आहे. तुझ्याही नावाची आहे. अल्विन, हसू नकोस. ऐक. हसू नकोस रे."

अल्विन थांबला. "इकडं ये," जेराल्ड म्हणाला. सोफ्यावरून नेव्ह हळूच म्हणाला, "लांबून यावं लागेल त्याला. उगीच कशाला त्रास देतोस."