पंचाच्या मनगटाला दोरा

आमचे हे, हिलाल, बमरोलीच्या कापड कारखान्यात लूम चालवतात. पण खरी हौस लोकांच्या घरांच्या वाटण्या करायची. डिंडोली-गोडादऱ्यात कुठे भाऊ वेगळे होणार असले की पंच म्हणून ह्यांनाच बोलावणं. हे खिशात कारखान्यातला दोरा घेऊन निघतात. मोठ्याच्या वस्तूला लाल, धाकट्याच्या वस्तूला हिरवा. शेवटच्या चमच्याला दोरा लागेपर्यंत कुणी काही उचलायचं नाही. आणि म्हातारी आई? तिच्याही मनगटाला दोरा! वाह रे पंच! वाटणी झाल्यावरही महिनाभर तिथे चहाला जायचं, दोघांत काड्या करायच्या.

परवा आमच्याच घराची पाळी आली. थोरला मुलगा सागर इथेच राहणार, धाकटा योगराज गोडादऱ्याला. त्याची बायको नूतन एम.एस्सी. झालेली, दुसऱ्या दिवशी तिला एका कॉलेजात शिकवून दाखवायचं होतं. हे पातेल्यांना दोरे बांधत होते आणि ती भिंतीला शिकवत होती.

"पेशीची वाटणी सुरू करणारं एक प्रथिन असतं. गुणसूत्रांच्या जोड्या वेळेआधी सुटू नयेत म्हणून दुसरं असतं. प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी दोरे लागले, की पेशी ह्या दोघांवर खूण लावते आणि त्यांचे तुकडे करते. एक जोडी जरी राहिली, तरी सगळं थांबतं."

"तुकडे कशाला?" मी विचारलं.

"आई, काम झाल्यावरही ते वाटणी सुरू करणारं प्रथिन तिथेच राहिलं तर पेशी अडकते. धड एक नाही, धड दोन नाहीत."

"अगं, हा तर तुझा सासरा!"

"तुले काय समजस?" म्हणत हे हिरवा दोरा घेऊन माझ्यापुढे आले. स्वतः सागरकडे, कारण चहाची टपरी जवळ. मी योगराजकडे. ना विचारणं, ना पुसणं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं ह्यांचा डबा भरला, आणि शेवटी मी परातीच्या रांगेत!

मी हात मागे घेतला. सगळं थांबलं. दारात टेम्पोवाला हॉर्न मारत होता, योगराज घड्याळ बघत होता. नूतन तोंडाला पदर लावून हसत होती.

मग मीच माझ्या शिवणाच्या पिशवीतून पिवळा दोरा काढला. छोट्या शेगडीला बांधला, माझ्या गादीला बांधला.

"वरची पत्र्याची खोली माझी. मी कुणाच्याच वाट्याला नाही. उचला आता."

योगराज-नूतनला घेऊन टेम्पो गेला. सागर आपली भांडी आत घेऊन गेला. मधे उरले हे.

"आणि मी?"

"तुम्ही पंच ना? काम झालं तुमचं."

सागरनं बांधावा म्हणून हे लाल दोरा धरून बराच वेळ उभे राहिले. तो बाहेर आलाच नाही. मग जिन्याच्या पायरीवर बसून स्वतःच बांधायला लागले. एका हातानं गाठ बसते होय? दातात टोक धरलं, तरी सुटली.

मी वर जाऊन शेगडी पेटवली. चहा ठेवला, एकच कप.