समुद्रातली आमची जागा

मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे उपग्रहाने संपर्क ठेवायचा, त्यासाठी मासेमारी बोटींवर यंत्र बसवायचं आणि तेही फुकट, असं केंद्र सरकारचं धोरण आलं, तेव्हा आमच्या घरात ते माझ्याकडे आलं. कागदपत्रांचं काहीही असलं की माझ्याकडेच येतं. मी पनवेलला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. माहेर उरणजवळ मोऱ्याचं. भाऊ तिथल्या जेट्टीवरून बोट घेऊन जातो. त्याचा फोन दर मोसमात पाण्यात पडतो, म्हणून नोंदणीला नंबर माझा दिला.

बोटीचं रजिस्ट्रेशन, लायसन्स, आधार, पासबुक, सगळ्यांच्या झेरॉक्स. काम झटपट झालं. केबिनच्या टपावर पांढरं खोकं बसलं. आता बोट कुठे आहे ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात दिसणार होतं आणि पनवेलला माझ्या ओट्याजवळही: फोनवर निळ्या पाण्यात एक हिरवा ठिपका. वादळाचा इशारा थेट बोटीवर, आणि संकटात दाबायला बटण.

भावाला खोकं आवडलं नाही. कारण होतं ती जागा.

आमच्या वडिलांना समुद्रात पापलेटची एक जागा सापडली होती. ती त्यांनी जन्मभर कुणाला कळू दिली नाही आणि शेवटी भावाला सांगितली. मला नाही. मुलगी दुसऱ्या घरी जाते आणि तिच्याबरोबर जागाही जाते, असा साधा हिशोब. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही.

"बाय, दिल्लीला आपली जागा कळली तं उद्या मोऱ्याच्या समद्या बोटी तिथंच," भाऊ म्हणाला. "मंग आमी काय, जेट्टीवर बसून डास मारायचं?"

दिल्लीला पापलेट मोजायला वेळ नसतो, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. विषय मिटला असं मी धरलं.

मोसम सुरू झाला. सकाळी डबे भरताना मी ठिपका बघायचे, गॅस बंद केला का बघतो तशी. मग एकदा वाऱ्याचा इशारा आला. माझ्याही फोनवर आला. मोऱ्याच्या बोटी परत फिरल्या, पण भावाचा ठिपका हलेना. नांगर टाकून थांबला असेल, असं मी वहिनीला फोनवर सांगितलं. ती फक्त 'हं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या बोटी जेट्टीला लागल्या. ठिपका तिथेच होता.

शाळेत रजेचा अर्ज दिला. नवऱ्याने गाडी काढली. गव्हाण फाट्याला कंटेनरची रांग होती. त्या रांगेत बसून मी कुणाकुणाला फोन करायचे ते ठरवलं: खात्याचे साहेब, सोसायटीचे चेअरमन, भाच्या, खलाशांच्या घरचे. खलाशांच्या घरी काय बोलायचं तेही ठरवलं. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं, आणि ते बरंच होतं, कामं होत होती.

मच्छिमार सोसायटीच्या ऑफिसात साहेब बसले होते. परत आलेल्या बोटी चालवणारे तांडेल भिंतीला टेकून उभे होते. शोधनौका ठिपक्याच्या जागी जाऊन आली होती. तिथे बोट नव्हती. साहेबांनी विचारलं, यंत्र बंद केलं असेल का? बंद केलं की ठिपका शेवटच्या जागीच दिसत राहतो. मी ठामपणे नाही म्हणाले. यंत्र का बंद करायचं नाही ते मी स्वतः त्याला समजावलं होतं, असंही सांगितलं.

वहिनी बाकावर बसली होती. ती म्हणाली, "वन्सं, ते दर खेपेला बंद करतात. तिथून पुढं आपल्या जागेवर जातात."

जागा कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. मला वाटलं, हे कुणालाच माहीत नाही. पण वहिनीला माहीत होतं. त्यांना मुलगा नाही, मुली शहरात नोकरीला. म्हणून भावाने ती बायकोला सांगून ठेवली होती.

तिने भिंतीपाशी उभ्या तांडेलांकडे पाहिलं. एक वयस्क तांडेल पुढे झाला.

"वयनी, आमी भायेर उभं ऱ्हातो."

"भायेर जाऊन काय करणार? तिकडं तुमालाच जायचं हाय."

खरंच होतं. शोधनौका आता दुसरीकडे शोधत लांब गेली होती आणि जवळच्या बोटी याच होत्या. वहिनीने जागा सांगितली. किनाऱ्यापासून किती, कुठल्या बाजूला, खाली खडक कुठे लागतो. पाठ केलेलं म्हणावं तसं, एका सुरात. ते मी इथे लिहीत नाही. आता सगळ्यांना माहीत आहे, तरीही. तांडेल खाली बघत ऐकत होते. मग ते बोटींकडे निघाले.

बोट तिथेच सापडली. इंजिनात पाणी शिरलं होतं, बॅटरी गेली होती. वेळ आल्यावर भावाने खोकं जोडलं, पण दिवा लागला नाही. त्याची बोट दोरीने ओढून आणली. खलाशी सगळे सुखरूप होते. धक्क्यावर उतरल्यावर भावाने एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?"

"मी," वहिनी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि आंघोळीला गेला. वहिनीने भात टाकला. मी खलाशांच्या घरी फोन केले आणि पनवेलला परत आले. शाळेत पगारपत्रकं अडून राहिली होती.

पुढच्या मोसमात भावाचा ठिपका अर्ध्या वाटेत कधी थांबला नाही. थेट जागेपर्यंत जायचा. तिथे आता बऱ्याच बोटी असतात आणि मासळी वाटून जाते, असं वहिनीकडून कळतं.

एका रविवारी मी मोऱ्याला असताना तो वयस्क तांडेल दारात आला. पापलेटचा वाटा ठेवला, चहाला थांबला नाही. वहिनीने मासे साफ करून तळले. जेवताना भावाने विचारलं, कुणाच्या बोटीचं? तिने सांगितलं.

त्याने ताटातला तुकडा पुढे ओढला. मग काटा काढून खायला लागला.