समभुज त्रिकोण आणि माझे स्मरणपत्र

मी आजवर लिहिलेल्या तक्रारी बहुतेक खऱ्या होत्या. ही नव्हती, आणि ती खरी नाही हे कळल्यानंतरही मी तिचे स्मरणपत्र टपालात टाकले.

नात बारावीला होती. चाचणीत प्रश्न होता: समभुज त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंवर तीन समान धन बिंदुप्रभार आहेत, प्रत्येक जोडीतील बल दहा एकक, तर एका प्रभारावर उरलेल्या दोघांचे मिळून बल किती? तिने वीस लिहिले आणि शून्य गुण मिळवले. दहा आणि दहा वीस होत नाहीत ते कोणत्या नियमाने, हे विचारायला मी संतापून कनिष्ठ महाविद्यालयात गेलो. भौतिकशास्त्राच्या बाई तासिका तत्त्वावर होत्या, लोहाऱ्याहून जीपने येत. त्यांना मी वर्गातच गाठले.

"काका, बळाला दिशा असते," त्या म्हणाल्या. "दोघं एकाच बाजूला ढकलत असते तर वीस. इथं मधे साठ अंशांचा कोन आहे. आडवा भाग एकमेकांना खोडून टाकतो."

"खोडला तर त्याची नोंद कुठं होते?"

वर्गातल्या मुली हसल्या. बाईही किंचित हसल्या. त्याच दिवशी प्राचार्यांकडे माझा सात मुद्द्यांचा अर्ज गेला: विषयाचे अज्ञान, ज्येष्ठ नागरिकाचा उपमर्द, आणि सात दिवसांत लेखी खुलासा मिळावा.

खुलासा आला नाही. दरम्यान नातीने प्रयोगशाळेतले तीन ताणकाटे मागून आणले. अंगणात एका कडीला तीन दोऱ्या बांधल्या. दोन काटे तिने आणि सुनेने साठ अंशांत ओढून धरले. कडी जागेवर राहावी म्हणून तिसरा मी विरुद्ध बाजूने ओढला.

"आमच्याकडं दहा-दहा आहे. तुमचा वाचा, आजोबा."

सतरा, आणि वर थोडेसे.

"काटा गंजलाय."

"मग बदलून घ्या."

बदलला. सतराच.

"मामा," सून म्हणाली, "आता काट्यावर बी अर्ज टाकता का?"

मी आत गेलो आणि स्मरणपत्र लिहायला बसलो. मुदतीत उत्तर न देणे हा स्वतंत्र दोष आहे, मूळ तक्रारीच्या खरेखोटेपणाशी त्याचा संबंध नाही, असा युक्तिवाद मी स्वतःशीच केला. युक्तिवाद निर्दोष होता. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवली. चौकशीच्या कटकटीपेक्षा बाईंच्या तासिका बंद करणे महाविद्यालयाला सोपे गेले.

"बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं," एवढे सांगून नात माझ्याशी बोलेनाशी झाली.

तक्रार मागे घेण्याचा अर्ज घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, प्रकरण वर गेलंय. बाईंच्या जागी आता दुसरे सर लागलेत."

मग मी लोहाऱ्याला गेलो. बाईंच्या आईने दार उघडले, "बसा, चाचा," म्हणून पाणी दिले. मी बाईंना सगळे सांगितले, अंगणातल्या काट्यासह.

"स्मरणपत्राच्या आधी बघितलं होतं तुम्ही?"

"हो."

त्यांनी कागद-पेन माझ्यापुढे ठेवले. "माफी राहू द्या. दुसऱ्या कॉलेजात विचारलंय मी. ते जुन्या तक्रारीचं काढतात. तुमची चूक तेवढी लेखी द्या, गणितासकट."

मी तिथेच लिहिले: आधी कबुली, मग आकृती, मग उत्तर, दहा गुणिले तीनचे वर्गमूळ. कबुली त्यांनी वाचली. आकृतीवर थांबल्या.

"बाण उलटे आहेत. तिन्ही प्रभार धन आहेत, काका. ते ढकलतील, ओढणार न्हाईत."

मी खोडायला पेन उचलले.

"खाडाखोड नको. नवा कागद घ्या."

नव्या कागदावर मी बाण बाहेरच्या दिशेने काढले. पहिल्या मसुद्यात, "सदर तक्रार माझ्याकडून अनवधानाने झाली" असे वाक्य होते. त्यावर बाईंनी बोट ठेवले नव्हते. दुसऱ्यांदा लिहिताना "अनवधानाने" मी गाळले, आणि स्मरणपत्र टाकण्यापूर्वी खरे उत्तर मला माहीत होते, हे त्या जागी लिहून सही केली.