तुऱ्यांचा फोटो

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळी साडेसहाला मी मांजरीत एका उसाच्या शेताच्या बांधावर ट्रायपॉड उभा करत होते. सोसायटीच्या कॅलेंडरमधलं जानेवारीचं पान माझ्याकडे होतं आणि फोटो रविवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. "नाहीच जमलं तर सांगा," सेक्रेटरी म्हणाले होते, "माझ्या बाल्कनीतला गुलाब तयार आहे." तो गुलाब मी गेल्या वर्षी अख्खा मे महिना स्वयंपाकघराच्या भिंतीवर सोसला होता.

मला हवे होते उगवतीच्या उन्हात उसाचे पांढरे तुरे. सूर्य किती वाजता, कुठून उगवणार, सगळं मोबाइलवर पाहून आले होते. धुक्याबद्दल मोबाइलने काही कळवलं नव्हतं. समोर उसाच्या दोन ओळी दिसत होत्या, त्यापुढे नुसतं ताक.

अर्ध्या तासाने धुक्यातून शेताच्या मालकीणबाई आल्या. साठीच्या, हातात खुरपं. ट्रायपॉड पाहून थबकल्या.

"मोजणी हाय का? कुणी धाडलं? बिल्डरनं?"

"नाही हो. फोटो काढतेय, तुऱ्यांचा."

"तुऱ्याचा?" त्या हसतच सुटल्या. "अवं ताई, तुरा आला म्हंजी ऊस आतनं पोकळ पडाय लागतो, वजन घटतं. आमी ऊसतोडीच्या टोळीची वाट बघून थकलो, आन तुमी फोटू काढाय आलाय! उद्या सकाळी तोड हाय."

"सगळा तोडणार?"

"मग काय, तुमच्यासाठी एक ओळ ठिवू?"

घरी नवऱ्याला धुक्याचे अठ्ठावीस फोटो दाखवले. त्याने ते सगळे नीट पाहिले. "पान कोरं सोडायची कल्पना चांगली आहे," तो म्हणाला. "लोकांना दुधाचा हिशेब लिहिता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं आणि निम्मा ऊस आडवा झाला होता. ट्रायपॉड मी गाडीतच ठेवला. मालकीणबाई तुऱ्यांसकट शेंड्यांची मोळी डोक्यावर घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या.

"जरा थांबता का?"

"म्हशी थांबत्यात व्हय? तुमीच चला की."

मग खोडक्यांतून उलट्या पावलांनी मी त्यांच्यापुढे चालले. दोनदा पडता पडता वाचले. त्यावर त्या हसल्या, तेव्हाचा फोटो चांगला आला. ऊन बरोबर तुऱ्यांत होतं. त्यांना विचारून तो तिथूनच सेक्रेटरींना पाठवला, आणि त्यांच्या शेतात उरलेल्या दोन मोळ्या डिकीत घालून गोठ्यावर पोचवल्या.