गुडघ्यातलं विष काढणारा

नावाजलेल्या ठगांच्या गोष्टी लोक चवीनं सांगतात. कुणी दुसऱ्याचा महाल विकला, कुणी खोटा राजपुत्र होऊन मिरवला. मला त्यात हुशारी दिसत नाही. मी एक ठग आमच्याच घरात, जमिनीवर मांडी घालून बसलेला पाहिला आहे.

माझे वडील कोर्टातले निवृत्त कारकून. फसवणुकीची प्रकरणं वाचून फसणाऱ्यांना हसणारे. त्यांचे गुडघे मात्र फार दुखत. कोराडीच्या बसमध्ये एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं त्यांना हात देऊन चढवलं आणि म्हणाला, "काका, माझ्या मायचंही असंच होतं. एका वैद्यानं तिले चालतं केलं."

दोन दिवसांनी तो वैद्याला घेऊन घरी आला. वैद्यानं गुडघ्यावर बारीक चीर दिली, पितळी नळी लावली, तोंडानं ओढलं आणि पिवळे थेंब वाटीत सोडले. "हे विष," म्हणाला. प्रत्येक थेंबाचे पैसे वेगळे. वाटी माझ्या हातात होती.

"आधी डॉक्टरांना विचारू या का?" मी म्हटलं.

वैद्य वडिलांकडे बघून गोड हसला. "पोरीचा लय जीव आहे तुमच्यावर."

"तू चूप राह्य वं," वडील म्हणाले. "वाटी धर."

ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्या वाटीत गेले. चार दिवसांत गुडघा सुजला. डॉक्टरांनी जखम धुतली आणि सांगितलं, विष वगैरे काही नसतं, पिवळी पूड आधीच नळीत भरलेली असते, तीच थुंकीत विरघळून येते. तरी वडील पोलिसांत जायला तयार होईनात. "तिथं सगळे ओळखतात मले."

दोन महिन्यांनी लकडगंजच्या बाजारात आम्हा दोघांना तोच शर्टवाला दिसला. एका लंगडणाऱ्या म्हातारीचा हात धरून तो आईचंच दुखणं सांगत होता. वडिलांनी काठी टाकून त्याची कॉलर धरली.

"बाई, याची माय रोज आजारी पडते," ते म्हणाले. "माझ्यासाठीही पडली होती."

माणसं जमली. तो लगेच रडू लागला. इतकं सराईत रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच आईला भांडवल करणाऱ्याला आणखी काय येणार?

म्हातारी आमच्यावरच चिडली. "काहून पकडलं त्याले? आता मले वैद्य कोण दाखवन?"

ठाण्यात तक्रार वडिलांनी स्वतः लिहिली, सुवाच्य कारकुनी अक्षरात. आपण कसे फसलो, यातलं काहीही वगळलं नाही. वैद्य अजून सापडलेला नाही.