तो गोड आवाज तिचा नव्हता

विमल गेल्याला सव्वा महिना झाला. झाडून सगळ्या वर्तमानपत्रांनी 'गोड आवाजाची नायिका' असं छापलं. वाचून रडू यायचं ते राहिलंच, रागच आला. तो आवाज तिचा नव्हता. विमलचा आवाज घोगरा. सक्करदऱ्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिनं अंगणातून मला हाक मारली की जवळच्या तळ्यावरची माणसं वळून बघत. सिनेमावाल्यांना तिचा चेहरा हवा होता, आवाज नको होता. पहिल्या चित्रपटापासून तिचे संवाद दुसरीच एक बाई बोलायची.

याचा खरा त्रास झाला तो तिच्या आईला, सुभद्रामावशीला. काचबिंदूनं मावशीची दृष्टी केव्हाच गेलेली. लेकीचा पहिला चित्रपट बर्डीवरच्या टॉकीजला लागला तेव्हा मी तिला हाताला धरून घेऊन गेले. अर्धा तास ती कान देऊन बसली. मग म्हणाली, "इमल कधी येते वं?" विमल तर केव्हाची पडद्यावर होती... मी थाप मारली, "तिले सर्दी झाली होती मावशी, म्हणून आवाज तसा येऊन राहिला." पुढच्या दोन चित्रपटांना मावशी आलीच नाही. "त्या परक्या बाईले काहून ऐकू मी?" एवढंच म्हणायची.

मी विमलला पत्रानं कळवलं. चौथा चित्रपट लागला तेव्हा ती न सांगता आली. माझं जुनं सुती पातळ नेसली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि आम्ही तिघी दुपारच्या खेळाला गेलो. पडद्यावर नायिकेनं तोंड उघडलं की इकडे विमल मावशीच्या कानाशी तोच संवाद बोलायची. एक शब्द चुकली नाही. पण हळू बोलणं तिला कुठलं जमायला! मागचा एक गृहस्थ वैतागला, "ओ बाई, हिरोइनले बोलू द्या ना."

"हिरोइनच बोलून राहिली भाऊ," विमल म्हणाली.

मावशीनं शेवटपर्यंत तिचा हात सोडला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता पाह्यला मी तुहा सिनेमा."

पुढे विमलनं मोठं नाव कमावलं. आवाजासाठी ती प्रत्येक वेळी भांडली आणि प्रत्येक वेळी हरली.

गेल्या रविवारी टीव्हीवर तिचा चित्रपट होता. सून म्हणाली, "आई, आवाज गेला वाटते."

"मीच बंद केला," म्हटलं.

पडद्यावर विमल बरंच काही बोलत होती. कानाशी येऊन सांगायला मात्र ती नव्हती.