आठ देशांचे पाच कसे झाले

बर्लिन काढून टाकलं त्या दिवशी सर्जेराव माझ्यावर रुसले. त्याआधी प्राग काढलं तेव्हा ते नुसते हसले होते. ॲमस्टरडॅमवर फुली मारली तेव्हा "बरं" म्हणाले होते. बर्लिनला मात्र त्यांनी मोबाईल खिशात घातला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ताई, असं कापत गेलासा तर आमी गडमुडशिंगीतच एक चक्कर मारून येतो की."

मी टूर्सचं ऑफिस चालवते, कोल्हापुरात, राजारामपुरीत. बहुतेक काम ग्रुपचं असतं. बस, गाईड, ठरलेलं जेवण. सेल्फ-ड्राइव्ह, म्हणजे परदेशात गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवत फिरणारी माणसं आपल्याकडे कमी, पण आता वाढायला लागलीत. हे काम मला आवडतं आणि मला त्याची भीतीही वाटते. ग्रुपमध्ये काही बिघडलं तर गाईड असतो. इथे रस्त्यात माणूस एकटा असतो आणि त्याच्याजवळ फक्त आपण आखून दिलेला प्लॅन असतो.

सर्जेराव पाटील गडमुडशिंगीचे. घरची शेती आणि ट्रान्सपोर्टचा धंदा. धंदा सुरू झाला तेव्हा ट्रक एकच होता आणि त्याच्यावर ड्रायव्हर होते शिवाजी पेठेतले बशीर मुलाणी. पुढे बशीरभाई पार्टनर झाले. आता दोघांनीही साठी ओलांडलीय, धंदा मुलं बघतात. दोघांच्या मनात बरीच वर्षं एकच होतं, की बायकांना घेऊन युरोपात गाडीनं फिरायचं. विमलताई आणि रेहानाभाभी दोघीही तयार होत्या. गाडी मुख्यतः बशीरभाई चालवणार, सर्जेराव शेजारी बसणार, लागलं तर हात बदलणार. त्यांचं आयुष्यभर असंच चाललं होतं.

प्लॅन त्यांनी स्वतःच करून आणला होता. पॅरिसला उतरायचं आणि पंधरवड्यात आठ देश करायचे. मॅपवर बोट फिरवून सर्जेरावांनी मला रस्ता दाखवला. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "दिल्लीला ट्रक घिऊन गेलतो आमी. थितले रस्ते तर लोण्यासारखे हायत."

रस्ते चांगले आहेत यात वादच नव्हता. मी त्यांना विचारलं, कोल्हापूरहून रत्नागिरीला किती वेळ लागतो? त्यांनी वेळ सांगितली. त्यात मलकापूरचा चहा धरलाय का, मी विचारलं. आंबा घाटात विमलताईंना मळमळतं म्हणून थांबता, ते धरलंय का? विमलताई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते कवाच धरत न्हाईत."

मॅप चहा प्यायला थांबत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. युरोपात रोज हॉटेल बदलायचं म्हणजे रोज चौघांच्या बॅगा उतरवायच्या, चढवायच्या. पार्किंग शोधायचं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं, म्हणजे चाळीस वर्षांची सवय उलटी करायची. मॅपवर सहा तास दिसले तर मी नऊ धरते. त्यांच्या प्लॅनमध्ये गाडीतून उतरायलाच वेळ नव्हता. आयफेल टॉवर चालत्या गाडीतून बघायचा होता.

दुसरी अडचण ड्रॉप चार्जची. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर कंपनी ती परत आणायचा भरभक्कम आकार लावते. म्हणून शहाणा प्लॅन नेहमी गोल असतो. जिथे गाडी घेतली तिथेच परत द्यायची. मी तसा गोल काढला. झ्युरिकला उतरायचं, गाडी घ्यायची, ऑस्ट्रियातून इटलीच्या उत्तरेकडे उतरायचं, आल्प्स पार करून परत स्वित्झर्लंडला यायचं. विमलताईंना पॅरिस हवंच होतं. ते शेवटी ट्रेननं ठेवलं, गाडी परत करून. हॉलंड, बेल्जियम, जर्मनी, झेक गेले. उरले चार. सर्जेरावांनी टोपी सारखी केली ती तेव्हाच.

आठवडाभर फोन नाही. मी धरून चालले की क्लायंट गेला.

मग एका दुपारी बशीरभाई एकटेच आले. ते कमी बोलणारे. याआधीच्या मीटिंगमध्ये सर्जेराव बोलायचे आणि हे मान डोलवायचे. खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, तुमचाच प्लॅन बरा आहे, सर्जेरावला मी समजावतो. फक्त रोज अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं असं बसवता येईल का?

मी म्हटलं, ते तर आपोआपच होईल. ट्रिप जूनमध्ये होती. तिकडे तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते उठले. मी सवयीनं पुढचं सांगत राहिले, की रस्ता सोपा आहे, इटलीतून परत येताना तेवढा एक मोठा बोगदा लागेल, डोंगराच्या पोटातून बरेच किलोमीटर.

बशीरभाई परत खाली बसले.

आत दिवे असतात का, त्यांनी विचारलं. असतात, मी म्हटलं. समोरून गाड्या येतात का? येतात, त्या बोगद्यात दोन्ही बाजूंची वाहतूक एकत्रच आहे. ते टेबलाकडे बघत राहिले. या धंद्यात एक शिकलेय, की माणूस विचार करत असेल तेव्हा ब्रोशर पुढे करू नये.

"ताई," ते म्हणाले, "समोरनं हेडलाईट आला की सगळं पांढरं हुतंय. गाडी निघून गेली तरी जरा वेळ काय दिसत न्हाय."

हे गेल्या दिवाळीपासून होत होतं. रात्री गाडी चालवायचं त्यांनी बंद केलं होतं, पाठदुखीचं निमित्त सांगून. कुणालाही शंका आली नव्हती. घरी माहीत नव्हतं, सर्जेरावांना माहीत नव्हतं. डॉक्टरकडे का गेला नाहीत, मी विचारलं. तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील याच वयात आंधळे झाले. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग भिंत चाचपत चालायचे. काचबिंदू होता, कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"डॉक्टरकडं गेलो की त्यो नाव सांगणार. नाव सांगिटलं की गाडी सुटली. सर्जेरावला काय बोलू नका. त्यो सगळी ट्रिपच रद्द करंल."

मी म्हटलं, मी बोलणार नाही, ते बोलणं तुमचं आहे. पण डोळे तपासल्याशिवाय ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव मी कुठेही देणार नाही. आणि तुमची भीती खरी असेल तर एकेक दिवस महत्त्वाचा आहे. वडिलांच्या वेळी उशीर झाला, असं तुम्हीच आत्ता म्हणालात.

त्यांना ते आवडलं नाही. तुमचं काम तिकीट काढायचं, असं शांतपणे म्हणून ते निघून गेले.

त्या संध्याकाळी मला काही सुचेना. चार माणसं माझ्या प्लॅनवर गाडीत बसणार होती. सर्जेरावांना सांगावं तर शब्द मोडतो. गप्प बसावं तर बोगदा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शेवटी दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही एकच मेसेज पाठवला. सेल्फ-ड्राइव्ह ट्रिपमध्ये साठीच्या पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरनं डोळ्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायचं, त्याशिवाय आमच्या ऑफिसातून बुकिंग होत नाही. हा नियम मी त्याच सकाळी केला होता.

सर्जेरावांचा फोन लगेच आला. रुसवा संपला होता, आता राग होता. आमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय, असं त्यांचं म्हणणं. मी ठाम राहिले. मग म्हणाले, बरं, बशीरला घेऊन मीच जातो, दोघांचं एकदमच उरकतो.

पुढचं मला नंतर सर्जेरावांकडून कळलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि बशीरभाई खाली उतरेनात. सर्जेराव आपलं दार उघडून उभे. मग बशीरभाईंनी सगळं सांगितलं, वडिलांचं, हेडलाईटचं, पाठदुखीच्या निमित्ताचं. सर्जेराव परत गाडीत बसले. मला म्हणाले, "तीस वर्सं त्येच्या भरवशावर गाडीत झोपलोय मी." मग ते उतरले, पलीकडे जाऊन त्यांनी बशीरभाईंचं दार उघडलं आणि हाताला धरून त्यांना आत नेलं.

मी ऑफिसात होते. दुबईच्या एका ग्रुपचे पासपोर्ट तपासत होते आणि एकच पासपोर्ट पुनःपुन्हा उघडत होते. दुपार टळून गेल्यावर फोन वाजला. सर्जेराव होते.

"ताई," ते म्हणाले, "मोतीबिंदू हाय. नुसता मोतीबिंदू."

दोन्ही डोळ्यांत होता, एका डोळ्यात चांगलाच वाढलेला. डॉक्टरांनी प्रेशर तपासलं, औषध घालून आतली नस बघितली. काचबिंदूचं काही चिन्ह नव्हतं. वडिलांना होता म्हणून दरवर्षी तपासून घ्या, एवढंच बजावलं. मोतीबिंदू काढता येतो. सर्जेरावांनी फोन बशीरभाईंकडे दिला. ते म्हणाले, डोळ्यांत औषध घातलंय, आत्ता काय दिसत न्हाय, पण बरं वाटतंय. मी खुर्चीत मागे टेकले. किती वेळ ताठ बसले होते ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी माझ्या ऑफिसात पेढे आले. मोतीबिंदू निघाला म्हणून पेढे वाटणारी माणसं मी तेवढीच बघितली.

जून सोडला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकापाठोपाठ एक झाली. ट्रिप सप्टेंबरवर नेली. तिकडे तेव्हा गर्दी कमी होते आणि घाटरस्ते बर्फानं बंद व्हायला अजून वेळ असतो. व्हिसाची कागदपत्रं नव्यानं केली. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून स्वित्झर्लंडकडे केला. आरटीओतून दोघांची इंटरनॅशनल परमिट काढली. ती म्हणजे आपलं लायसन्स तिकडच्या पोलिसाला वाचता यावं यासाठीचं पुस्तक. गाडी सर्जेरावांच्या नावावर घेतली, कारण भाड्याच्या गाडीला मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि बशीरभाईंनी ते कधी घेतलंच नव्हतं. ऑटोमॅटिक घेतली. गिअर बदलायला उजवा हात वापरायचा म्हटलं की डाव्या हाताला आयुष्यभराचं सगळं आठवतं.

या वेळी सर्जेरावांनी एकाही शहरासाठी हट्ट केला नाही. मीच मग त्यांना सांगितलं की झ्युरिकहून ऑस्ट्रियाला जाताना वाटेत लिश्टेनस्टाईन लागतं. आपल्या एखाद्या तालुक्यात हरवेल एवढं, पण स्वतंत्र देश. जेवायला थांबलात तरी देश झाला. ते खूश झाले. चाराचे पाच झाले.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तेव्हा दोघं संध्याकाळी मलकापूरच्या रस्त्यानं आंबा घाटापर्यंत जाऊन आले. परत येताना अंधार पडला होता आणि बशीरभाई स्टिअरिंगवर होते. सर्जेराव सांगत होते, वाटेतला प्रत्येक बोर्ड बशीरनं मोठ्यानं वाचला. पंक्चर काढून मिळेल, ताजी मासळी, जागा विकणे आहे. शेवटी सर्जेरावांना म्हणावं लागलं, बाबा, आता गप्प बस.

बोगद्याच्या दिवशी मी समोरच्या क्लायंटला बँकॉक समजावत होते आणि डोळा फोनवर होता. रेहानाभाभींचा व्हॉइस मेसेज आला. मागे वाऱ्याचा आवाज होता आणि विमलताई हसत होत्या. भाभी म्हणाल्या, पलीकडे पोचलो, कॉफी कडू आहे, आणि हे म्हणतायत की एकदा मागं फिरून परत त्यातनंच येऊया काय. मी तो मेसेज त्या क्लायंटलाही ऐकवला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण तेही हसले.

चौघं सुखरूप परत आले. बशीरभाईंनी गाडीला एक ओरखडाही येऊ दिला नाही. सर्जेरावांनी इटलीत एका जुन्या गावात गाडी नेली, जिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. दंडाची नोटीस दिवाळीनंतर आली. ती घेऊन ते ऑफिसात आले आणि हे तुम्ही सांगितलं नव्हतं म्हणाले. मी सांगितलं होतं. विमलताईंनी साक्ष दिली.

हल्ली कुणी नवीन क्लायंट मॅप उघडून देश मोजायला लागला की मी त्याला थांबवते आणि गाडी कोण चालवणार ते विचारते. मग त्या माणसाला ऑफिसात घेऊन यायला सांगते. देशांचं बोलणं त्यानंतर. काही लोकांना हा उद्धटपणा वाटतो. ते दुसऱ्या एजंटकडे जातात आणि तिथे त्यांना आठच्या आठ देश मिळतात.